वाचकांचे प्रश्न: कोरोनात जगाचा पैसा नेमका गेला कुठे?

मागच्या अंकात महागाईवर लिहिताना म्हटलं होतं की आजची बरीचशी कर्जं आणि भाव समजून घ्यायचे तर २०२० पर्यंत मागे जावं लागतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी लहान केलीत, त्याबद्दल कुणी रागावू नका.

प्रश्न (इचलकरंजी): ताई, २०२० साली जगाची अर्थव्यवस्था फक्त ३ टक्के घटली असं वाचलं. आमचे माग दोन-अडीच महिने बंद, कामगार गावी निघून गेले, सूतवाल्याची उधारी डोक्यावर. ३ टक्के म्हणजे काहीच नाही की! हा आकडा खरा आहे का?

उत्तर: आकडा खरा आहे दादा, पण तो सगळ्या जगाची सरासरी आहे आणि सरासरीत तुमचे बंद माग दिसत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे जग एरवी वर्षाला साधारण ३ टक्के वाढत असतं, त्या वाढीच्या जागी ३ टक्क्यांची घट आली म्हणजे खरा खड्डा ६ टक्क्यांच्या आसपासचा. २००८ ला अमेरिकेतल्या बँका बुडाल्या त्यानंतरच्या २००९ सालातसुद्धा जगाची एवढी घसरण झाली नव्हती.

आता आपल्याकडचं बघा. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांचा सरकारचा पहिला आकडा होता २३.९ टक्के घट, त्यातही कारखानदारी ३९.३ टक्के खाली, बांधकाम ५०.३ टक्के खाली, आणि शेती मात्र ३.४ टक्के वर. एकाच देशात एकाच वेळी हे सगळं चालू होतं. आणि तुमच्यासारख्या लहान, नोंदणी नसलेल्या धंद्यांचा हिशेब सरकारकडे थेट येत नाही, तिमाही अंदाज लावताना मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांचा बराच आधार घेतात, त्यामुळे तुमचं नुकसान त्या २३.९ मध्येही पूर्ण उतरलं नसणार असं मला ठामपणे वाटतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आकडा यापेक्षा जवळचा वाटतो. त्यांनी कामाचे तास मोजले. २०२० मध्ये जगातले ८.८ टक्के कामाचे तास गेले, म्हणजे २५.५ कोटी लोकांच्या पूर्णवेळ नोकरीइतकं काम. ज्याचं काम लॅपटॉपवर होत होतं त्याचा पगार चालू राहिला, उलट बाहेरचा खर्च थांबल्याने शिल्लक वाढली. ज्याला हातानेच काम करायचं त्याचं उत्पन्न त्याच दिवशी थांबलं. म्हणून मग २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ पॉइंट पडून २५,९८१ वर बंद झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच सेन्सेक्सने ५० हजाराला हात लावला, तेव्हा तुमच्या भागात मात्र अजून माग सुरू व्हायची मारामार. शेअर बाजारात मोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे थांबायला पैसा होता, बँक कर्ज द्यायला दारात उभी होती, आणि लहान धंदे बंद पडले त्यांचं गिऱ्हाईकही बऱ्याच ठिकाणी या मोठ्यांकडेच गेलं. कुणाला किती महिने थांबता येत होतं यावरच फटका किती बसला ते ठरलं, आणि खाली बाकीच्या प्रश्नांतही तुम्हाला हेच दिसेल.

प्रश्न (नागपूर): एप्रिल २०२० मध्ये कच्चं तेल मायनसमध्ये गेलं होतं. भाव मायनस म्हणजे विकणाराच वर पैसे देतो! मग आपल्याला पंपावर पेट्रोल स्वस्त का नाही मिळालं? माझ्या मामेभावाचे त्या एका रात्रीत लाखो रुपये गेले, तो अजून त्यावर बोलत नाही.

उत्तर: तुमच्या मामेभावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं, कारण त्या रात्री बऱ्याच जणांना काही करायची संधीच मिळाली नाही.

झालं असं की एप्रिलमध्ये विमानं जमिनीवर, गाड्या पार्किंगमध्ये, आणि जगाची तेलाची रोजची मागणी साधारण १० कोटी बॅरलवरून जवळजवळ ३ कोटी बॅरलने खाली आली. त्याआधी मार्चमध्ये सौदी आणि रशियाचं भांडण होऊन दोघांनी उत्पादन वाढवायची भाषा केली होती, नंतर १२ एप्रिलला समेट झाला खरा पण कपात सुरू होणार होती मे पासून. अमेरिकेच्या तेलाचा जो वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, असतो त्यात मुदत संपेपर्यंत सौदा हातात ठेवला तर ओक्लाहोमातल्या कुशिंग नावाच्या गावी खरंखुरं तेल ताब्यात घ्यावं लागतं. मे महिन्याच्या वायद्याची मुदत २१ एप्रिलला संपत होती आणि कुशिंगच्या टाक्या एकतर भरलेल्या नाहीतर आधीच बुक झालेल्या. ज्यांनी नुसता कागदावर सट्टा केला होता त्यांच्याकडे तेल ठेवायला जागा नाही, थांबता येत नाही, मग कुणीतरी हे घेऊन जा आणि वर पैसेही घ्या अशी वेळ आली आणि २० एप्रिलला भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला.

आपल्याकडे लॉकडाऊनमुळे एमसीएक्स या वायदे बाजाराची वेळ कमी करून संध्याकाळी ५ पर्यंतच ठेवली होती. ५ वाजता भाव होता ९६५ रुपये बॅरल. खरी पडझड झाली आपल्या रात्री, अमेरिकेचा बाजार चालू असताना, आणि आपला सौदा तर अमेरिकेच्या भावावरच मिटतो, तो मिटवला गेला उणे २,८८४ रुपयांवर. एका लॉटमध्ये १०० बॅरल, म्हणजे एका लॉटमागे ५ वाजल्यानंतर ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांचा फरक, आणि तेव्हा स्क्रीन बंद. यात माणसाच्या हुशारीचा प्रश्नच नव्हता, त्याला हे नक्की सांगा.

पंपाचं विचाराल तर, आपण जे तेल घेतो त्याचा भाव मुख्यतः ब्रेंट (उत्तर समुद्रातलं तेल) आणि आखाती तेलावर ठरतो, ते खूप स्वस्त झालं पण मायनसमध्ये कधी गेलं नाही. आणि जे स्वस्त झालं ते आपल्यापर्यंत पोचायच्या आत केंद्राने कर वाढवला, मार्चमध्ये लिटरला ३ रुपये, मग मे महिन्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३. सरकारचं बाकी उत्पन्न आटलं होतं म्हणून हे केलं हे समजतं, पण ज्या रिक्षावाल्याचा धंदा बुडालेला होता त्याच्या डिझेलमधून ते वसूल करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. एक काम चांगलं झालं, विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या देशाच्या राखीव तेलसाठ्याच्या गुहा त्या स्वस्ताईत भरून घेतल्या. ज्याच्याकडे साठवायला जागा त्याला पडलेला भाव फायद्याचा.

प्रश्न (निफाड): आमची द्राक्षं रॉटरडॅमला जातात. २०२१ नंतर कंटेनरचं भाडं अचानक एवढं का वाढलं? एजंट म्हणायचा कंटेनरच नाहीत. जगातले कंटेनर गेले कुठे?

उत्तर: कंटेनर होते काका, पण चुकीच्या जागी होते. अमेरिकेतले लोक घरात बसले, हॉटेल आणि प्रवास बंद, हातात सरकारचा पैसा, मग त्यांनी टेबलं, टीव्ही, सायकली, व्यायामाची मशिनं अशा वस्तू घ्यायचा सपाटा लावला आणि हे सगळं येणार चीनमधून. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांबाहेर जहाजांची रांग लागली, २०२१ संपता संपता ती १०० जहाजांच्या पुढे गेली, जहाज अडकलं की त्यावरचे हजारो डबे अडकले. जो डबा रिकामा व्हायचा तो कंपन्या परत भरून आणण्याची वाट न बघता रिकामाच चीनला पळवायच्या कारण तिथून जास्त भाडं मिळत होतं. त्यात मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं. महामारीच्या आधी चीनहून निघणाऱ्या ४० फुटी डब्याचं भाडं दीड ते दोन हजार डॉलरच्या आसपास असायचं, सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्य मार्गांची सरासरी १० हजारांच्या वर गेली होती.

यात भारतातून जाणाऱ्या मालाचा नंबर शेवटी लागला. टीव्ही गोदामात महिनाभर थांबतो, द्राक्ष थांबत नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्येही तेच झालं होतं, माल तयार, मजूर नाही, मार्केट बंद, आणि मग ज्याला जमलं त्याने बेदाणा केला. तेव्हा जिथे बेदाण्याच्या शेडची, कोल्ड स्टोरेजची सोय जवळ होती त्या शेतकऱ्याचा निदान खर्च तरी निघाला, म्हणून मला वाटतं की या सोयी गावागावात असणं हा बुडणं आणि तगणं यातला फरक आहे.

प्रश्न (पुणे): अमेरिकेने लोकांना घरबसल्या चेक पाठवले. आपल्या सरकारने नोटा छापून सगळ्यांना पैसे का नाही दिले?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता. अमेरिकेने तीन वेळा पैसे दिले, माणशी १,२००, मग ६००, मग १,४०० डॉलर, मिळकत ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर. मार्च २०२० चं पहिलं पॅकेजच २.२ लाख कोटी डॉलरचं होतं. सोबत त्यांच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याला आणला आणि रोखे (कर्जाचे कागद) विकत घेत राहिली, तिचा ताळेबंद ४ लाख कोटी डॉलरच्या थोडा वर होता तो दोन वर्षांत ९ लाख कोटींच्या जवळ गेला. त्याचा उपयोग झाला हे मान्य करायला पाहिजे, एप्रिल २०२० मध्ये तिथली बेकारी १४.७ टक्क्यांवर गेली होती तरी कोट्यवधी घरं उपाशी राहिली नाहीत.

हे त्यांना जमलं कारण संकट आलं की सगळं जग डॉलरकडेच धावतं. अमेरिका कितीही कर्ज काढो, देणारे असतात. आपल्याकडे उलटं होतं, एकट्या मार्च २०२० मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी शेअर आणि रोखे मिळून १ लाख कोटी रुपयांच्या वर पैसा काढून नेला. अशा वेळी धडाधड नोटा छापल्या असत्या तर रुपया आणखी पडला असता आणि तेल, खाद्यतेल, खत सगळं महागलं असतं. तरीही केंद्राची तूट त्या वर्षी जीडीपीच्या ९ टक्क्यांच्या वर गेली, ठरवली होती साडेतीन. त्यातून जवळपास ८० कोटी लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट दिलं, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५००-५०० रुपये टाकले, रोजगार हमीला ४० हजार कोटी जादा दिले, आणि लहान उद्योगांना सरकारच्या हमीवर ३ लाख कोटींपर्यंत कर्जाची योजना आणली.

धान्याचं काम खरंच मोठं झालं. पण कर्ज म्हणजे मदत नव्हे, ज्याचा धंदा सहा महिने बंद होता त्याला कर्ज मिळालं तरी ते फेडायचंच आहे. आणि शहरातला रोजंदारीवरचा माणूस मदतीविनाच राहिला, त्याला रोजगार हमी नाही, रेशनकार्ड गावाकडचं, भाडं मात्र शहरातलं. हे मजूर रस्त्याने गावाकडे चालत गेले ते याच कारणाने. तेव्हा दोन-तीन महिने त्यांच्या हातात थेट रोख रक्कम द्यायला हवी होती आणि तेवढं आपल्याला परवडलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेला बिल आलं ते नंतर. माल कमी, लोकांच्या हातात पैसा जास्त, वर फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध, आणि जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्के झाली, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. मग व्याजदर शून्यापासून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले आणि त्याची झळ सगळ्या जगाला बसली, ज्यांना एकही चेक मिळाला नव्हता त्यांनाही.

प्रश्न (सातारा): लॉकडाऊनमध्ये बँकेने हप्ते थांबवले होते, सहा महिने. घराचं कर्ज मग दोन वर्षं जास्त कसं झालं? आणि सरकारने व्याज माफ केलं होतं ना?

उत्तर: हप्ता थांबला होता, व्याज चालू होतं. मार्च ते ऑगस्ट २०२० ची ती सवलत पुढे ढकलायची होती, माफीची नव्हती, आणि हे तेव्हा लोकांना नीट कुणी सांगितलं नाही. हिशेब करून दाखवते. समजा २५ लाखांचं कर्ज नुकतंच घेतलंय, २० वर्षं, ८ टक्के, हप्ता २०,९११ रुपये. सहा महिने काही भरलं नाही तर २५ लाखांचे साधारण २६ लाख १ हजार ७०० होतात. हप्ता तोच ठेवला तर आता २४० ऐवजी २६६ हप्ते लागतात. म्हणजे ६ हप्ते चुकवले आणि २६ वाढले, जादा जवळपास साडेपाच लाख रुपये.

सरकारने जे दिलं ते फक्त व्याजावरचं व्याज, २ कोटींपर्यंतच्या कर्जांना. वरच्या उदाहरणात ती रक्कम येते फक्त १,६८० रुपयांच्या आसपास. पुढे रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ४ टक्क्यांवर आला होता तो मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झाला, तेव्हाही बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. तुमच्या कर्जाचं आत्ताचं स्टेटमेंट मागून घ्या, मुद्दल किती उरलंय आणि शेवटचा हप्ता कुठल्या सालात आहे ते बघा, आणि जमेल तेव्हा थोडं का होईना मुद्दलात भरा. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला एक हप्ता शेवटचे तीन-चार हप्ते कमी करू शकतो.

प्रश्न (म्हापसा): आमचे मिस्टर क्रूझवर तारवटी (खलाशी). २०२० साली ते बोटीवरच अडकले आणि नंतर दीड वर्ष घरी बसले. गोव्याला सावरायला एवढा वेळ का लागला?

उत्तर: ताई, तेव्हा जगात जवळपास ४ लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले होते, बंदरं उतरू देत नव्हती आणि उतरले तरी विमान नव्हतं. पर्यटन हा धंदा सगळ्यात आधी बंद झाला आणि सगळ्यात शेवटी उघडला. २०१९ मध्ये जगभरात देशाबाहेर फिरायला गेलेल्यांच्या फेऱ्या १४६ कोटी होत्या, २०२० मध्ये त्या ४० कोटींच्या आसपास आल्या. परदेशी पर्यटकांना आपला व्हिसा ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये परत सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय विमानांचं नेहमीचं वेळापत्रक २७ मार्च २०२२ ला, म्हणजे गोव्याचे दोन पूर्ण सीझन गेले. गेलेली खोली आणि गेलेला सीझन नंतर विकता येत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्यासारख्या घरांमुळे घडली ती सांगायलाच हवी. जागतिक बँकेने म्हटलं होतं की परदेशातून घरी येणारा पैसा २० टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात भारतात २०२० मध्ये ८३ अब्ज डॉलर आले, आदल्या वर्षीपेक्षा नावापुरते कमी. लोकांनी स्वतः काटकसर करून घरी पाठवले.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, एमपीएससीचा विद्यार्थी): श्रीलंका कोरोनामुळे बुडाली असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: तेवढंच लिहिलंस तर अर्धं उत्तर होईल. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले तेव्हाच पर्यटन पडलं होतं. त्या वर्षाच्या शेवटी नव्या सरकारने कर खूप कमी केले आणि तिजोरीत येणारा पैसा आटला. मग कोरोना, पर्यटक शून्य, डॉलर येणं बंद. २०२१ मध्ये रासायनिक खतावर एकदम बंदी घातली, भात आणि चहा दोन्ही पडले. २०१९ च्या शेवटी परकीय गंगाजळी साडेसात अब्ज डॉलरच्या वर होती, मे २०२२ पर्यंत वापरण्याजोगी ५ कोटी डॉलरसुद्धा उरली नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परदेशी कर्ज फेडणं थांबवतोय असं जाहीर केलं.

यात मुद्दा असा मांड की कर्ज स्वतःच्या चलनात आहे की डॉलरमध्ये यावर सगळं अवलंबून होतं. जपानवर श्रीलंकेपेक्षा कितीतरी मोठं कर्ज आहे पण ते येनमध्ये. झांबियाने तर नोव्हेंबर २०२० मध्येच हात वर केले. जी-२० देशांनी गरीब देशांना मे २०२० ते डिसेंबर २०२१ हप्ते थांबवायची सवलत दिली होती, पण सातारच्या वाचकाला वर जे सांगितलं तेच इथेही, हप्ता फक्त पुढे गेला, आणि ज्या खासगी गुंतवणूकदारांनी रोखे घेतले होते त्यांच्यावर तर थांबायचं बंधनच नव्हतं. आणि अमेरिकेने व्याजदर वाढवले ते नेमके या देशांची फेड परत सुरू झाली तेव्हा. भारताने श्रीलंकेला २०२२ मध्ये जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत दिली, तेही उत्तरात घाल.

प्रश्न (नंदुरबार, प्राथमिक शिक्षिका): सगळे जीडीपीचं बोलतात. माझ्या वर्गातल्या मुलांना वाचता येत नाही, त्याचा हिशेब कुणी केलाय का?

उत्तर: केलाय बाई, आणि माझ्या मते हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. जागतिक बँक, युनेस्को आणि युनिसेफ यांनी २०२१ मध्ये अंदाज केला की शाळा बंद राहिल्यामुळे या पिढीची आयुष्यभराची कमाई आजच्या किमतीत १७ लाख कोटी डॉलरने कमी होऊ शकते. आपल्या राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत भरले नव्हते. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २०.५ झालं. गणितातली घसरण त्यापेक्षा कमी होती.

बुडालेला धंदा परत उभा राहिला की तो आकड्यात दिसतो, मूल मागे राहिलं तर ते दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात. २०२० मध्ये पहिलीत असायला हवं होतं ते पोर २०२९-३० ला दहावीला बसेल, म्हणजे तोपर्यंत हे काम संपलेलं नाही. फोन आणि नेट असलेल्या घरातली मुलं कशीबशी तगली, तुमच्या पाड्यांवरची नाही, आणि नेमकी तीच मुलं आठवीनंतर गळतात आणि मजुरीला लागतात. तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौथी-पाचवीच्या मुलांना रोज अर्धा तास पहिलीच्या पुस्तकापासून वाचून घेता आणि वरचे साहेब म्हणतात अभ्यासक्रम मागे पडतोय. तुमचंच बरोबर आहे. अक्षर वाचता येत नाही त्याला पाचवीचं परिसर अभ्यास शिकवून काही हाती लागत नाही. केंद्रप्रमुखांना दाखवायला प्रत्येक मुलाची महिन्याची वाचनाची नोंद ठेवा, आणि ती नोंद मला पाठवलीत तर पुढच्या अंकात याच पानावर छापू, मुलांची नावं न देता.